पाव्हण्यांचा खरवस

यजमानांचे शर्ट आता कुणाला तरी देऊन टाक, असं मुलगी फोनवर म्हणते. मी हो म्हणते. पण शर्ट द्यायचा म्हणजे आधी त्याचा खिसा बघायचा, आणि खिसा बघितला की माझी सगळी दुपार जाते. कारण प्रत्येक खिशात एक कार्ड आहे.

कार्डं मीच लिहिलेली. बारामतीत कॉलेजच्या ग्रंथालयात माझी नोकरी झाली. पुस्तकांच्या नोंदी संगणकावर गेल्या तेव्हा लाकडी खणांमधली कोरी कार्डं, खालच्या कडेला गोल भोक असलेली, रद्दीत निघाली. त्यातला एक गठ्ठा मी घरी आणला. त्यावर निळ्या शाईनं यजमानांचं नाव आणि माझा फोन, आणि खाली लाल शाईनं एवढंच लिहिलं: 'पेनिसिलिन किंवा त्या गटातलं कोणतंही औषध देऊ नये. ॲमॉक्सिसिलिनसुद्धा नाही.' मग एकेक कार्ड एकेका शर्टाच्या खिशात. शर्ट धुवायला टाकताना कार्ड काढून ठेवायचं आणि इस्त्री झाल्यावर परत घालायचं, हे काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. ते शाळेत चित्रकला शिकवायचे. शिक्षकांच्या खोलीत सांगायचे, "बायकोनं माझी रीतसर नोंद करून ठेवलीय. फक्त कुणाला घरी न्यायला देत नाही."

ते गेले त्याला अजून वर्ष व्हायचं आहे. हृदयविकारानं गेले, औषधाचा त्यात काही संबंध नव्हता. शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हाही मी पहिल्यांदा कार्डच पुढे केलं. तिथल्या नर्सनं ते वाचलं आणि फाईलवर ठळक अक्षरात उतरवून घेतलं. त्याचा उपयोग व्हायचा नव्हता. पण तिनं ते इतक्या मनापासून उतरवलं, याचं मला अजून बरं वाटतं.

आज मात्र मी लिहायला बसले आहे ते वेगळ्याच कारणानं. आज पांढऱ्या शर्टाची पाळी होती, आणि त्यातल्या कार्डावर एक पिवळट, तेलकट डाग निघाला. अंगठ्याएवढा. तो खरवसाचा आहे. डाग बघून मी एकटीच मोठ्यानं हसले. या घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी मोठ्यानं हसलं.

पेनिसिलिनचं आणि यजमानांचं पटत नाही, हे आम्हाला लग्नानंतर लवकरच कळलं होतं. त्यांची दाढ सुजली. दातांच्या डॉक्टरांनी ॲमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल दिल्या. औषध चांगलं, जुनं, खात्रीचं. पुढे आमच्या मुलीचा ठणकणारा कान आणि पू झालेला घसा त्यानंच बरा केला. पण त्या दिवशी यजमानांनी कॅप्सूल घेतली आणि थोड्याच वेळात त्यांच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ टरारून सुजले, आणि श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. आम्ही रिक्षानं दवाखान्यात पळालो. तिथे मांडीत एक इंजेक्शन दिलं, त्यानंतर श्वास मोकळा झाला. ओठ उतरायला वेळ लागला. तेवढ्यात यांनी आरसा मागितला. त्यांना स्वतःच्या सुजलेल्या तोंडाचं चित्र काढायचं होतं.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "या औषधाचे बरेच भाऊबंद आहेत. नावं वेगळी, रक्त एकच. यातलं काहीही यांना पुन्हा द्यायचं नाही. पुढच्या वेळी याहून वाईट होऊ शकतं. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात की नाव सांगायच्या आधी हे सांगायचं." मी शब्द पाळणारी बाई. मी कार्डं लिहिली.

आता आईकडे येते. आई लासुर्ण्यात राहते. भाऊ कारखान्यात नोकरीला जातो आणि ऊस बघतो. गोठा मात्र आईचा. तिथे तिच्या शब्दाबाहेर गाय बसतसुद्धा नाही. जावयाला 'ती कॅप्सूल' चालत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. ते घरी आले की ती भावाच्या औषधांचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवायची, जसं काही जावई डबा चुकून उघडून खाणारच होते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारी सकाळी आईचा फोन आला.

"बांडी व्याली! कालवड झाली, कपाळावर चांद हाय. पाव्हण्यांना घिऊन ये लगोलग."

बांडी म्हणजे तिची काळीपांढरी गाय, गोठ्यातली सगळ्यांत दुधाळ. मी म्हटलं, "अगं, तिला अजून वेळ होता ना?"

"हुता की. पर तिनं काय कॅलेंडर बघितलंय व्हय?"

यजमान दाढी करत होते. खरवस हा शब्द कुणी उच्चारला नाही तरी त्यांना भिंतीपलीकडून ऐकू यायचा. अर्धी दाढी तशीच ठेवून ते बाहेर आले आणि घरातला सगळ्यांत मोठा डबा शोधायला लागले. आम्ही स्कूटरवर निघालो, ते पुढे, मी डबा मांडीवर धरून मागे. इंदापूर रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लागल्या होत्या. एरवी ते प्रत्येक ट्रॉलीमागे थांबून चिडायचे. त्या दिवशी एकालाही काही बोलले नाहीत.

गाय व्याली की पहिल्या दिवसांचं घट्ट, पिवळं दूध निघतं, तो चीक. आमच्या आळीत चीक कुणी एकट्यानं खात नाही. किटल्या, तांबे, जे हाताला लागेल त्यातून तो घरोघर जातो आणि ज्याच्या त्याच्या घरी खरवस होतो. भांडं परत येताना रिकामं येत नाही, त्यात गुळाचा खडा नाहीतर मूठभर साखर असते. आम्ही पोचलो तेव्हा आईचं आळीत वाटून झालं होतं आणि घरात वाफ दाटली होती. गूळ, वेलदोडा आणि जायफळ. ओसरीवर बाजेवर चादर अंथरलेली. जावई बसले. ताटली आली. वड्या अशा होत्या की बोट लावलं की थरथरायच्या.

"मामी," यजमान पहिली वडी खाऊन म्हणाले, "मी तुमच्या मुलीशी लग्न केलं ते ह्यासाठीच."

"ठाव हाय मला," आई म्हणाली. "तिच्यात दुसरं काय हाय?"

दुसरी वडी गेली. तिसरी त्यांच्या बोटात होती, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांची मोटारसायकल अंगणात आली. भावानं सकाळीच फोन करून त्यांना बोलावलं होतं. ते आधी गोठ्यात गेले, गायीला हात लावून पाहिलं, मग हौदावर हात धुवत विचारलं, "आजी, वासरामागची जार पडली का?"

"पडली, पुरलीबी. या, बसा, खरवस खा."

डॉक्टर ओसरीवर चढले आणि ताटलीकडे बघून उभेच राहिले.

"आजी, व्यायच्या आधी धार बंद करून ही गाय आटवली तेव्हा मी सडात औषधाच्या ट्यूब सोडल्या होत्या. आठवतंय?"

"आठवतंय की. कास सुजून दगडी हू नये म्हणून."

"आणि काय सांगितलं होतं?"

आईनं पदर सावरला. शाळेत पाठांतर विचारल्यावर हुशार मुलगी उभी राहते तशी ती उभी राहिली. "व्याल्यावर तुमी सांगाल तवर दूध डेअरीला घालायचं न्हाय. एक थेंब घातला न्हाय मी. इचारा डेअरीवाल्याला."

"मग हा खरवस कसला?"

"ह्यो व्हय? ह्यो घरचा हाय."

डॉक्टर बाजेच्या कडेवर हळूच टेकले. मला त्या क्षणी आईचं सगळं डोकं उलगडून दिसलं. औषधाचं दूध डेअरीत गेलं तर अख्खा टँकर परत येतो, सगळ्या गावाला बोल लागतो, हे तिनं वर्षानुवर्षं ऐकलं होतं. तिच्या हिशेबात तो डेअरीचा नियम होता. डेअरी म्हणजे यंत्रं, दूध तपासायच्या पट्ट्या, साहेब. त्यांना चालत नसेल, तर नसेल. तेवढे दिवस दूध घरातच राहणार, म्हणजे उलट हात सढळ. इतकी वर्षं गायी वेळेवर व्यायच्या, त्यामुळे ट्यूबमधलं औषध अंगातून जायचे दिवस आधीच उलटून गेलेले असायचे आणि या समजुतीनं कुणाचं काही बिघडलं नव्हतं. बांडीनंच कॅलेंडर बघितलं नाही.

"आजी," डॉक्टर म्हणाले, "माणसांना चालत नाही, म्हणूनच डेअरीला चालत नाही."

"पर शिजवलाय की मी. चांगला रटरटून."

"शिजवून जंतू मरतात. औषध तसंच राहतं बरंचसं."

मी विचारलं, "ट्यूबमध्ये कुठलं औषध असतं?"

त्यांनी नाव सांगितलं. पेनिसिलिनच्याच घरातलं.

मी यजमानांकडे पाहिलं. त्यांनी तिसरी वडी ताटलीत परत ठेवली, खिशातून कार्ड काढलं आणि डॉक्टरांपुढे धरलं. त्यावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा उमटला, तोच हा डाग. डॉक्टरांनी कार्ड वाचलं आणि ताडकन उठले. "मी जनावरांचा डॉक्टर. मला ह्यांना हात लावता येत नाही. लगेच दवाखान्यात जा. थोडंच पोटात गेलंय, कदाचित काहीच होणार नाही. पण ते घरी बसून बघायचं नाही."

भाऊ मोटारसायकल घेऊन रानात गेला होता. दारात आमची स्कूटर होती. मी किल्ली घेतली. मला स्कूटर येत होती, पण लग्न झाल्यापासून मी मागेच बसत आले होते. त्या दिवशी मी पुढे बसले आणि ते मागे.

"बोलत राहा," मी म्हटलं.

"काय बोलू?"

"काहीही. तुमचा आवाज येत राहिला पाहिजे."

मग त्यांनी जे दिसेल ते सांगायला सुरुवात केली. "ऊस. ऊस. परत ऊस. ट्रॉली. ट्रॉलीवर बसलेला माणूस, झोपलाय. पडेल. नाही पडला. ऊस. बगळा. म्हैस. देखणी म्हैस आहे. हिचं चित्र काढायला पाहिजे. समोर खड्डा. खड्डा सांगितला होता मी." एका वळणावर आवाज थांबला. मी ब्रेक दाबणार, तेवढ्यात मागून शांतपणे आलं, "आता नुसती बाभळ होती. बाभळीबद्दल काय बोलायचं?"

मी त्यांच्यावर इतकी रागावले की दवाखाना येईपर्यंत मला भीती वाटायची राहिली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाई तरुण होत्या. त्यांनी कार्ड वाचलं, जीभ पाहिली, ओठ पाहिले, छातीला नळी लावली, रक्तदाब घेतला. एका ट्रेमध्ये इंजेक्शन तयार करून ठेवलं. मग विचारलं, "किती खाल्लंत?"

"दोन वड्या."

"लहान की मोठ्या?"

"सासूच्या हातच्या."

त्या हसल्या, पण ट्रे उचलून आपल्या टेबलावर, हाताशी घेतला. "काका, समोरच्या बाकावर बसायचं. मला दिसत राहिलं पाहिजे. घशात काही वाटलं, खाज सुटली, चक्कर आली, तर लाजायचं नाही." मी यजमानांशेजारी बसले आणि त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. ते म्हणाले, "लग्नाच्या आधीसुद्धा तू माझ्याकडे असं बघितलं नव्हतंस."

तेवढ्यात आईचा फोन आला. "पाव्हणं बोलत्यात का?"

"बोलतायत. थांबतच नाहीत."

"मग बरं. मी आळीत निघाली. समद्यांच्या घरनं चीक परत आणती."

दिलेला चीक परत मागायचा. आमच्या आळीत असं कुणी केल्याचं मी ऐकलेलं नाही. आईसाठी ते किती जड असेल ते मला कळलं, आणि बहुतेक म्हणूनच तिनं फोन बंद केला नाही. बादली घेऊन ती चालत राहिली आणि तिच्या मुठीतल्या फोनमधून आम्हाला आळी ऐकू यायला लागली. यजमानांनी माझ्या हातातून फोन घेऊन स्पीकर लावला.

"आत्याबाई, दिल्यालं परत न्हेत्यात व्हय?" ही शेजारची बाई. "जावयाला कमी पडलं वाटतं!"

"जावई दवाखान्यात बसलाय, माझ्या हातचं खाऊन," आईचा आवाज आला. "आता बोल."

तिकडे पळत गेल्याचा आणि भांड्याचा आवाज. "घ्या. समदा हाय, शिजवला न्हाय अजून. पाव्हणं कसं हायती?"

"बोलत्यात."

डॉक्टरीण बाई पेशंट तपासता तपासता ऐकत होत्या. त्यांनी हात पुढे करून फोन मागितला. "आजी, नुसता चीक गोळा करू नका. प्रत्येक घरात विचारा, पूर्वी कुणाला औषधाच्या गोळीनं अंगावर उठलंय का, सूज आलीय का, दम लागलाय का. असं कुणी असेल आणि त्यानं खाल्लं असेल, तर इकडे पाठवा. बाकीच्यांना घाबरवू नका."

"इचारते," आई म्हणाली. आता तिच्या हाताला काम मिळालं होतं. पुढच्या घरापासून तिचा आवाज बदलला. मागायला आलेल्या बाईचा आवाज राहिला नाही, तपासणीला आलेल्या बाईचा झाला.

पुढचं घर तात्यांचं. तात्या आळीतले सगळ्यांत वडील, आणि पहिला चीक नेहमी त्यांच्या घरी जातो.

"म्या तर खाऊन बसलो," तात्या म्हणाले. "आता काय ओकू व्हय?"

"तुमी खाल्ला त्यो खाल्ला. गोळीनं अंगावर उठलंय का कधी?"

"माझ्या अंगावर माझी बायकू सोडून कोन उठलंय?"

दवाखान्यातला अख्खा बाक हसला. आई हसली नाही. "सूनबाईला इचारा."

आतून बारीक आवाज आला. माहेरी असताना घसा दुखला म्हणून कॅप्सूल घेतली होती आणि अंगभर लाल चट्टे उठले होते, कुणाला सांगितलं नव्हतं. खरवस खाल्ला का? नाही. घरातल्या पुरुषांचं होईपर्यंत ती थांबली होती, तिची वाटी झाकून ठेवलेली होती.

"आण हिकडं ती वाटी," आई म्हणाली. यजमानांनी माझा हात धरला. डॉक्टरीण बाईंनी पेन खाली ठेवलं. "त्यांना सांगा," त्या फोनकडे वाकून म्हणाल्या, "सवडीनं येऊन मला भेटायला. आणि तोपर्यंत कुठलीही गोळी घेण्याआधी हे सांगायचं."

त्यानंतर बाकावरचं वातावरणच बदललं. एका बाईनं पिशवीतून अर्धी पट्टी काढली. जावेच्या उरलेल्या कॅप्सूल होत्या, सर्दी झाली म्हणून तिनं दोन घेतल्या होत्या आणि बरं वाटल्यावर सोडून दिल्या होत्या. डॉक्टरीण बाईंनी पट्टी हातात घेतली. "ही जंतूंची गोळी आहे. साध्या सर्दीवर तिचा काही उपयोग नाही. गरज असेल तर मी देईन, मग सांगितलेले सगळे दिवस घ्यायची, मध्येच सोडायची नाही. दोन घेऊन सोडली की चिवट जंतू तेवढे मागे राहतात आणि पुढच्या वेळी ऐकत नाहीत. आणि दुसऱ्याची तर कधीच नाही. तुमच्या जावेला चालली म्हणून तुम्हाला चालेल असं नाही. ह्या काकांना बघा."

सगळ्यांनी काकांना बघितलं. काकांनी कार्ड काढून दाखवलं. ते हातोहात बाकाच्या टोकापर्यंत गेलं आणि परत आलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "हे कुठं मिळतं?" यजमान माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हिच्याशी लग्न करावं लागतं."

मधेच त्यांच्या मनगटावर एक लाल टिपका दिसला. मी ओरडलेच. डॉक्टरीण बाई धावत आल्या, मनगट उजेडात धरलं, भिंग आणलं. बराच वेळ बघून म्हणाल्या, "काका, डास चावलाय." त्या डासाचा मला इतका आनंद झाला की काय सांगू.

ऊन कललं तेव्हा त्यांनी पुन्हा सगळं तपासलं आणि आम्हाला सोडलं. रात्रीतून काही वाटलं तर लगेच यायचं, असं बजावून. परत येताना स्कूटर मीच चालवली. या वेळी बोला म्हणायची गरज पडली नाही.

अंगणात आईची भांडी ओळीनं मांडलेली होती. बादलीतला चीक आणि शिजलेल्या वड्या तिनं उकिरड्याशेजारी खड्डा करून पुरल्या होत्या. कालवडीला तिच्या आईचं पाजा, ते तिला लागतंच, असं डॉक्टर सांगून गेले होते, म्हणून सगळ्या आळीत त्या दिवशी चीक प्यायली ती एकटी कालवड. आणि भांडी? भांडी रिकामी नव्हती. लोकांनी चीक बादलीत ओतला होता आणि सवयीनं प्रत्येक भांड्यात गुळाचा खडा टाकला होता. तात्यांनी दोन टाकले होते.

आई मात्र ओसरीवर नव्हती. गोठ्यात बांडीच्या पाठीवर हात ठेवून, आमच्याकडे पाठ करून उभी होती. यजमान गोठ्याच्या दारात गेले.

"मामी, भूक लागलीय. भाकरी आहे का?"

ती न वळताच म्हणाली, "हाय."

"मला चालेल अशी?"

आईनं पदरानं नाक पुसलं. "डेअरीला चालंल अशी हाय."

आधी ते हसले, मग ती हसली, आणि मग दोघंही एकमेकांचं हसणं बघून इतके हसले की बांडी दचकून बाजूला झाली. त्या रात्री आम्ही तिथेच राहिलो. त्यांनी भाकरी, पिठलं आणि तात्यांचे दोन्ही गुळाचे खडे खाल्ले.

पुढे बांडी पुन्हा व्याली. या वेळी वेळेवर, ट्यूबचे दिवस केव्हाच सरून गेल्यावर. डॉक्टरांनी खुशाल खा म्हणून सांगितलं होतं. पण आईचं समाधान होईना. ती किटली घेऊन डेअरीच्या केंद्रावर गेली आणि दूध तपासायची पट्टी मागितली.

"आजी, तुमी आज दूध घातलंच न्हाय," केंद्रावरचा माणूस म्हणाला. "मग तपासू काय?"

"घालायचं न्हाय. जावयाला खायला घालायचंय."

ही गोष्ट गावाला पाठ होती. दूध घालायला आलेले लोक किटल्या खाली ठेवून पट्टीभोवती जमले. यजमान मध्ये उभे, पांढऱ्या शर्टात. पट्टी भिजली, रेघा उमटायला लागल्या. पहिली दिसली. दुसरी उमटली तरच दुधात औषध नाही, म्हणून तिची सगळे श्वास धरून वाट बघत होते. ती उमटली तेव्हा केंद्रावरच्या माणसानं निकाल वाचल्यासारखं जाहीर केलं, "पाव्हण्यांचा खरवस पास!" तात्यांनी टाळी वाजवली. त्या दिवशी यजमानांनी किती वड्या खाल्ल्या ते मी मोजलं नाही. तात्यांच्या सूनबाईनं यजमानांच्या शेजारी बसून खरवस खाल्ला, कुणाचं व्हायची वाट न बघता. तिच्या ब्लाउजमध्ये खोचलेलं कार्ड मीच लिहून दिलेलं होतं.

गेल्या आठवड्यात बांडीची लेक व्याली, कपाळावर चांद असलेली तीच. भाऊ डबा घेऊन बारामतीला आला. खरवस अजून कोमट होता. त्याच्यापाठोपाठ आईचा फोन.

"पोचला का डबा? खा बिनघोर. पट्टी लावून घेतलीय डेअरीत."

मी म्हणणार होते, आई, आता या घरात तसं कुणी नाही. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण तिलाही ते माहीत होतं, आणि तरी ती या वयात किटली घेऊन केंद्रापर्यंत चालत गेली होती.

"दोन्ही रेघा आल्या?" मी विचारलं.

"आल्या की. तात्यांनी टाळीबी वाजीवली."

मी दोन वड्या खाल्ल्या. तिसरीही खाल्ली. मग डबा धुऊन पुसला, त्यात गुळाचा खडा ठेवला आणि भावाजवळ परत दिला.

पांढरा शर्ट मी बाजूला काढून ठेवला आहे. बाकीचे मुलीला सांगून देऊन टाकीन. हा नाही.